तबल्याखालची चुंबळ, प्लेअरखालचे रबर

ऊस चालू झाला की युसूफ वडगावात मामांच्या घरी रात्री भांडी बोलू लागत. केज तालुक्यातले हे गाव. घरासमोरच्या रस्त्याने उसाच्या डबल ट्रॉल्या जायच्या आणि मांडणीवरची स्टीलची ताटे किणकिणायची. गंमत अशी की ट्रॅक्टर अगदी दारात आला तरी ताटे कधीकधी गप्प असत. तो पुढे जाऊन गिअर बदलायला लागला की मात्र अख्खी मांडणी वाजायला लागे. जवळ असताना शांतता आणि लांब गेल्यावर गोंगाट, हे कोडे तेव्हा कुणाला सुटले नव्हते.

त्याच खोलीत लोखंडी कपाटावर मामांचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि कपाटाखालची शहाबादी फरशी डुगडुगत होती. भीमसेन जोशींची रेकॉर्ड लागली की आम्हा पोरांवर संचारबंदी. कुणी पळाले की आतून आवाज यायचा, "हळू चाला की रे, सुई उडायली!" मामा भजनाला तबला वाजवायचे. तबला खाली ठेवताना ते आधी चुंबळ ठेवत, ती नीट दाबून बसवत आणि मगच तिच्यावर तबला ठेवत. तबल्याखाली चुंबळ आणि रेकॉर्ड प्लेअरखाली मात्र काहीच नाही, हे तेव्हा कुणाला खटकले नाही.

आज शहरातल्या दुकानांत प्लेअर, स्पीकर, अॅम्प्लिफायर यांच्याखाली ठेवायला रबराचे, स्प्रिंगांचे, पितळेचे पाय मिळतात. काही शंभराला चार, काही हजारोंना चार. त्यांचा उपयोग होतो का? होतो, पण कशाखाली ठेवले आणि ते वजनाने किती दबले, यावर सगळे अवलंबून आहे.

गोधडीवरचा मोबाइल

मोबाइल थरथरण्यावर लावा आणि गोधडीवर ठेवून कुणाला तरी फोन करायला सांगा. शेजारी बसलेल्यालाही कळणार नाही. तोच मोबाइल रिकाम्या स्टीलच्या डब्यावर ठेवा. डुलकी घेणारे आजोबा उठून बसतील. मोबाइल तोच आहे आणि त्याच्या आतली चिमुकली मोटरही तेवढ्याच जोराने फिरते आहे.

मोबाइलचे अंग लहान, त्यामुळे तो फारशी हवा हलवू शकत नाही. डब्याचे झाकण पातळ आणि पसरट. मोबाइलने त्याला हलवले की ते बरीच हवा हलवते. शाळेत नादकाट्याचा प्रयोग केलेला आठवत असेल. काटा नुसता हातात धरला तर कानाजवळ न्यावा लागतो, त्याची दांडी टेबलावर टेकवली की सगळ्या वर्गाला ऐकू येते. टेबल स्वतः गात नसते. त्याला कुणीतरी गायला लावलेले असते.

गोधडी ही साखळी तोडते. आपल्या बायकांना हे कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते. खलबत्त्यात कुटायचे असले की खाली गोणपाटाची घडी येते. मिक्सरला रबरी बूट असतात, ते झिजले की ओटाभर घरघर सुरू होते. तबल्याची चुंबळ त्याच कुळातली. तिचे पहिले काम गोल बुडाला आधार देण्याचे, हे खरेच. पण ती नसेल तर तबला फरशीवर खडखडतो आणि फरशीचा कडकपणा त्याच्या अंगाला लागतो. मऊ चुंबळ त्याला सावरूनही धरते आणि मोकळेही ठेवते.

थरथर तीन वाटांनी येते

पहिली वाट जमिनीची. ट्रॉली, पिठाची गिरणी, धावणारी पोरे. आमच्याकडची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा मऊ मातीत रस्त्याची संथ थरथर कातळापेक्षा जास्त जाणवते. दुसरी वाट हवेची. स्पीकरमधून निघालेला आवाजच हवेतून येऊन कपाटाला आणि प्लेअरला ढकलतो. तिसरी वाट यंत्राच्या पोटातली. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे अॅम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला १०० वेळा थरथरतो. रात्री कान लावला तर त्याची बारीक गुणगुण ऐकू येते.

यंत्राखाली रबर ठेवून पहिली वाट अडवता येते. दुसरीवर त्याचा उपाय अर्धामुर्धा चालतो, कारण हवा वरून आणि बाजूंनीही येते. तिसऱ्या वाटेवर त्याचा इतकाच उपयोग, की यंत्राची थरथर खालच्या फळीला लागत नाही.

ज्वारीची पिशवी

मऊ वस्तू थरथर अडवते म्हणजे नेमके काय करते, हे पाहायला एक प्रयोग पुरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा, तिला किलोभर ज्वारीची पिशवी बांधा आणि वरचे टोक हातात धरा.

हात अगदी सावकाश वर-खाली करा. पिशवी हाताबरोबरच वर-खाली होईल, जणू मध्ये ट्यूब नाहीच. आता वेग वाढवत न्या. एका ठरावीक वेगाला पिशवी वेड्यासारखी उसळायला लागेल. हात दोन बोटे हलतो आणि पिशवी वीतभर. वेग आणखी वाढवा, हात भरभर हलवा. पिशवी जवळजवळ जागच्या जागी थांबेल. हात थरथरतो, ट्यूब ताणते, आखडते, ज्वारी मात्र स्वस्थ.

सगळे शास्त्र या तीन अवस्थांत आहे. ज्या वेगाला पिशवी उसळली तो तिचा स्वतःचा वेग, पुस्तकी भाषेत स्वाभाविक वारंवारता. बाहेरची थरथर त्या वेगाशी जुळली की उसळी वाढते, याला अनुनाद म्हणतात. झोक्यावरच्या पोराला नेमक्या क्षणी हलका धक्का दिला की झोका चढत जातो, तोच प्रकार. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक हर्ट्झ. मामांच्या ताटांचे कोडेही इथेच सुटते. इंजिनाचे फेरे ताटांच्या स्वतःच्या वेगाशी जुळले की ट्रॅक्टर लांब असूनही ती वाजत, आणि वेग जुळला नाही तर दारात येऊनही गप्प राहत.

यातून एक गोष्ट निघते, ती दुकानदार सहसा सांगत नाही. रबराचा पाय सगळीच थरथर अडवत नाही. आपल्या वेगापेक्षा संथ थरथर तो जशीच्या तशी वर पाठवतो. आपल्या वेगाच्या आसपासची वाढवून पाठवतो. आपल्या वेगाच्या साधारण दीडपट पुढे गेल्यावरच त्याचा फायदा सुरू होतो. दुप्पट वेगाला एक तृतीयांश थरथर वर पोहोचते आणि तिप्पट वेगाला एक अष्टमांश. म्हणजे पायाचा स्वतःचा वेग जितका कमी, तितका तो कामाचा.

किती दबले, ते पाहा

पायाचा वेग ओळखायला उपकरण लागत नाही. यंत्र वर ठेवल्यावर पाय किती दबला ते पट्टीने मोजा. वजनाने जास्त दबतो तो पाय संथ, दबतच नाही तो कडक.

> चौकट : दबणे आणि वेग
>
> ०.१ मिलिमीटर दबला : सुमारे ५० हर्ट्झ
> १ मिलिमीटर दबला : सुमारे १६ हर्ट्झ
> ४ मिलिमीटर दबला : सुमारे ८ हर्ट्झ
> २५ मिलिमीटर दबला : सुमारे ३ हर्ट्झ
>
> वेग निम्मा करायचा तर चौपट दबावे लागते. हा हिशेब स्प्रिंगचा आहे. रबर हलताना थोडे जास्त कडक वागते, म्हणून त्याचा खरा वेग याहून जरा वरच असतो.

रस्त्यावरच्या जड वाहनांची थरथर बरीचशी १० ते २५ हर्ट्झमध्ये असते. आता पाच किलोच्या यंत्राखाली चार कडक रबरी टिकल्या ठेवल्या आणि त्या केसभर दबल्या, तर त्यांचा वेग ५० हर्ट्झच्या घरात राहिला. ट्रॉलीची थरथर त्यांच्यातून सरळ वर जाणार. त्या टिकल्या चकचकीत डब्यात आल्या होत्या, एवढ्याने काही बदलत नाही.

वजनही जुळावे लागते. वीस किलोसाठी बनवलेल्या पायांवर दोन किलोचा डबा ठेवला तर ते दबणारच नाहीत. दोन किलोसाठीच्या पायांवर वीस किलो ठेवले तर ते पूर्ण चेपून दगडासारखे होतील. म्हणून पाय विकत घेताना आधी यंत्राचे वजन सांगावे लागते. ते न विचारता पाय देणाऱ्याकडून घेऊ नये, असे माझे मत.

आणखी एक भानगड आहे. नुसती स्प्रिंग एकदा हलली की हलतच राहते. मोटरसायकलच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगबरोबर तेल असते, ते उसळी मारून टाकते. तेल गेलेल्या गाडीवर खड्ड्यानंतर तीनदा उसळून पाहिलेल्यांना हे सांगायला नको. रबराच्या अंगातच थोडे तेल असल्यासारखे असते. ते ताणले-आखडले की किंचित गरम होते आणि हेलकावा जिरवते. पण फार जिरवणारे रबर वरच्या वेगांची थरथर तितकीशी अडवत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.

सुईला काय कळते

सगळ्यात जास्त गरज आहे ती रेकॉर्ड प्लेअरला. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवरची खाच रुंदीला साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. हळू आवाजाच्या जागी या खाचेची वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. सुई त्या वळणांनी हलते आणि हलण्याची वीज होते. ती वीज अनेक पट वाढवून स्पीकरला दिली जाते.

आता सुईच्या जागी आपण आहोत असे समजा. खाच हलली की प्लेअर हलला, हे तिला सांगता येत नाही. तिच्या लेखी दोन्ही सारखेच. ट्रॉलीने कपाट हलवले तर तेही ती इमानेइतबारे गाण्यात मिसळून देते. त्यात सुई धरणाऱ्या दांडीचा स्वतःचा वेग सहसा ८ ते १२ हर्ट्झ असतो. जड वाहनांच्या थरथरीच्या अगदी उंबरठ्यावर.

आवाज मोठा केला की याहून वाईट होते. लग्नाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा स्पीकरमध्ये, असे चक्र. प्लेअर आणि स्पीकर एकाच कपाटावर असले तर तेच चक्र कपाटातून फिरते. फरक इतकाच की इथे शिट्टीऐवजी खर्जातला "घूंऽऽ" येतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे : स्पीकर त्या कपाटावरून उतरवा.

अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी १९६१ साली यावर सुरेख तोड काढली. त्यांच्या 'अॅकॉस्टिक रिसर्च' कंपनीच्या प्लेअरमध्ये फिरणारी तबकडी आणि सुईची दांडी एकाच पट्टीवर बसवलेली होती आणि ती पट्टी तीन मऊ स्प्रिंगांवर ठेवलेली. मोटर वेगळी, बाहेरच्या पेटीला. पट्टी हलली तर सुई आणि रेकॉर्ड दोन्ही बरोबरच हलत, एकमेकांच्या संदर्भात स्थिर राहत. पेटीवर हातोडीने ठोकून दाखवले तरी गाणे चालू राही. पुढच्या अनेक नावाजलेल्या प्लेअरनी हीच रचना उचलली.

ट्यूब आणि फरशीचा तुकडा

घरच्या घरी करायचे तर मी पाहिलेला सर्वांत चांगला उपाय स्कूटरच्या ट्यूबचा. प्लेअरच्या मापाची एक फळी, तिच्यावर अगदी थोडी हवा भरलेली ट्यूब, ट्यूबवर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर प्लेअर. फरशी कशाला? वजन वाढले की वेग उतरतो. ट्यूबला फार हवा भरली तर ती टणक होते आणि सगळे फुकट जाते. फरशीची कड बोटाने किंचित दाबून सोडा. तिचे हेलकावे डोळ्यांनी मोजता आले, सेकंदाला चार-पाच, तर जमले. मोजता न येण्याइतकी भरभर थरथरली तर हवा सोडा. शेवटी मिस्त्रीकडची पाणसळ ठेवून फरशी समपातळीत आणा, नाहीतर दांडी एका बाजूला ओढते.

पावलांचा त्रास मात्र याने जाणार नाही. चालण्याची लय सेकंदाला दोन पावलांच्या आसपास, म्हणजे ट्यूबच्या वेगापेक्षाही संथ. डुगडुगती फरशी बसवून घेणे किंवा प्लेअर जाड दगडी भिंतीतल्या फळीवर नेणे, हाच त्यावर इलाज. भिंत पावलांनी हलत नाही.

किल्लारी आणि औंढा

हा पिशवीचा प्रयोग मराठवाड्याने फार मोठ्या मापावर पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची गावे झोपेत गाडली गेली. त्यानंतर नव्या जागी वसवलेल्या किल्लारीत दोन एकमजली इमारती, एक शाळा आणि एक दुकानांची, रबराच्या पायांवर बांधल्या गेल्या. घराखालीच रबर ठेवण्याचे हे तंत्र भारतात प्रथम तिथे करून दाखवले गेले. पुढे २००१ च्या भूकंपानंतर भुजला रुग्णालय बांधले, त्याच्याखालीही असेच पाय आहेत. जमीन भरभर हलते, रबर ताणते, आखडते, आणि वरची इमारत त्या मानाने सावकाश झुलते.

दुसरे टोक हिंगोली जिल्ह्यात. औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जाते आहे. केंद्र सरकारने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे, आणि मोजायचे काय, तर त्या लांबीतला प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांत ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेला असतो. शेवटचा टप्पा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काचेच्या तंतूंचा. प्रत्येक टप्पा वरून आलेली थरथर आणखी कापतो. लोलकाच्याही वर असे मंच असतात, जे जमीन कुठे सरकली ते मोजून उलट दिशेला ढकलतात. ज्वारीच्या पिशवीला पिशवी, तिला आणखी पिशवी, आणि वर हात धरणारा माणूसही हुशार.

मग काय घ्यावे

स्पीकर शोकेसवर किंवा लोखंडी कपाटावर असेल तर खाली मऊ रबर जरूर ठेवा. नाहीतर कपाटही गाते, आणि ते बेसूर गाते. वरच्या मजल्यावर सबवूफर असेल तर खालच्या बिऱ्हाडासाठी तरी ठेवा. काचेच्या व्हॉल्व्हचा जुना रेडिओ किंवा अॅम्प्लिफायर असेल तर तो चालू असताना व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमध्ये "टिंग" ऐकू आले तर त्याच्या आतले तारांचे पिंजरे थरथर पकडतात, रबराचा थोडा उपयोग होईल. मात्र कोणत्याही अॅम्प्लिफायरखाली गोधडी किंवा स्पंज पसरू नका. बुडाच्या जाळीतून हवा गेली नाही तर यंत्र भाजते.

सीडीचे गणित वेगळे. तिच्यावरच्या रेषांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, पण तिथे भिंग स्वतःच सतत हलून रेषेच्या मागे राहते. वाचलेले आकडे आधी साठवले जातात, चुका दुरुस्त होतात आणि मग घड्याळाच्या ठोक्याने बाहेर सोडले जातात. ती नीट वाचते किंवा अडखळते. साध्या ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरला, मोबाइलवरून गाणी घेणाऱ्या डबीला, तारांना उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांना तर काहीच फरक पडत नाही. तिथे हजारो रुपये घालण्यापेक्षा चार चांगल्या रेकॉर्ड आणाव्यात.

पितळेच्या टोकदार खिळ्यांबद्दल सांगतात की ते यंत्रातली थरथर जमिनीत "निचरून" टाकतात. थरथर म्हणजे शेतातले पाणी नव्हे, चर खणला की एका बाजूला वाहून जाणारे. खिळा दोन्ही बाजूंना घट्ट जोडतो, अडवत काही नाही. जाड गालिचावर स्पीकर डुलू नये म्हणून तो चांगला. शहाबादीवर ओरखडे काढतो, म्हणून लोक त्याच्याखाली रुपयाचे नाणे ठेवतात.

तरीही एखाद्याला फरक ऐकू येत असेल तर वाद घालू नये, परीक्षा घ्यावी. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाय कधी ठेवायला, कधी काढायला सांगा. तुम्ही पाठ करून बसा आणि दहा वेळा ओळखा. दहापैकी नऊदा बरोबर आले तर पैसे वसूल. पाच-सहा वेळा तर नाणे उडवूनही बरोबर येते.

मामांचा प्लेअर आता माझ्याकडे आहे. साफ करायला उघडला तेव्हा दिसले की त्याचा वरचा पत्रा मुळातच चार स्प्रिंगांवर बसवलेला आहे, आणि प्रवासात हलू नये म्हणून लावलेले दोन स्क्रू कधी सैल केलेच नव्हते. विकणाऱ्याने सांगितले नाही, आम्ही पाहिले नाही. स्क्रू सोडवले आणि ऊस चालू असताना तो युसूफ वडगावला नेऊन लावला. ट्रॉली गेली, ताटे किणकिणली, पण सुई उडाली नाही. भाच्याचा पोरगा पळत आला तेव्हा मात्र उडाली. तुमच्या माळ्यावर जुना प्लेअर असेल तर रबर आणायला जाण्याआधी ते स्क्रू पाहा.